पीटीच्या तासाला कोणती पद्धत? आधी रांगेतलं शेवटचं पोर बघा

एका तरुण सरांचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा: नुकतंच बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून नाशिकमधल्या एका शाळेत लागलोय, सातवी-आठवीचे वर्ग आहेत, एकेका वर्गात साठच्या वर मुलं, 35 मिनिटांचा तास, छोटं ग्राउंड, चार बॉल. कॉलेजात अध्यापन पद्धती शिकलो पण इथं फक्त शिट्टी आणि आदेशच चालतो, जरा सैल सोडलं की गोंधळ होतो, निम्म्या मुली आणि काही जाड मुलं कट्ट्यावर बसून राहतात. नक्की कोणती पद्धत वापरू?

सर, तुमचा प्रश्न वाचल्यावर मला आधी एकच विचारावंसं वाटलं, तुमच्या रांगेत सगळ्यात मागं जे पोर उभं असतं त्याच्या हाताला एका तासात बॉल किती वेळा लागतो, हे मोजलंय का कधी? मी 26 वर्षं शाळेत पीटी शिकवतेय, सुरुवातीला पेठ तालुक्याकडच्या एका आश्रमशाळेत आणि नंतर सगळी नोकरी इथं शहरात, आणि पहिली सात-आठ वर्षं मी हे मोजलंच नव्हतं. माझी शिट्टी वाजली की सगळा वर्ग एका रेषेत उभा राहायचा, येणारे-जाणारे बघून म्हणायचे मॅडमची शिस्त काय आहे, आणि मला वाटायचं तास चांगला झाला.

आता हिशोब करून बघा. 35 मिनिटांचा तास 35 मिनिटं कधीच नसतो. वर्ग जिन्यावरून खाली येणार, रांगा, हजेरी, यात दहा मिनिटं गेली, शेवटची पाच पाणी पिऊन वर जाण्यात, राहिली 20. मुलं 64 धरा, बॉल चार म्हणून रांगा चार, एका रांगेत 16. एकेकाला 10 सेकंद लागले तरी परत नंबर यायला 160 सेकंद. म्हणजे 20 मिनिटांत सात किंवा आठ नंबर, आणि एका मुलाची खरी हालचाल सव्वा मिनिट. बाकी पावणेएकोणीस मिनिटं ते नुसतं उभं. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं तरी मध्यम ते जोरदार हालचाल हवी म्हणते आणि आपण आठवड्यातून दोन-तीन वेळा सव्वा-सव्वा मिनिट देतोय. आणि उभी असलेली पोरं काय करतात? ढकलतात, टोपी उडवतात, पुढच्याच्या बुटावर पाय देतात. तुम्ही ज्याला गोंधळ म्हणताय ना, त्यातला निम्मा तरी त्या रांगेत तयार होतो, पद्धत सैल सोडल्यामुळे नाही.

तेच 64 आणि तीच 20 मिनिटं, पण जोड्या केल्या तर 32 जोड्या. बॉल चारच आहेत? मग कापडी बॉल करा. जुने मोजे, आत वर्तमानपत्राचा बोळा, वरून सुतळी. मी पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला घरून एक बनवून आणायला सांगते, आईची मदत घेतली तरी चालेल. पाच सेकंदांना एक फेक धरली तर दहा मिनिटांत एका जोडीच्या 120 फेकी, म्हणजे प्रत्येकाच्या 60 फेकी आणि 60 झेल. सात नंबर कुठं आणि हे कुठं. अजून पद्धतीचं नावसुद्धा घेतलेलं नाही आपण, नुसती माणसं कशी उभी केली तेवढंच बदललंय. कोन नसतील तर पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत माती भरा, नेमबाजीला द्राक्षाचे जुने क्रेट आणा, आपल्या दिंडोरी-निफाडच्या बाजूला कुठल्याही पालकाकडं दोन-चार पडलेले असतात, कांद्याच्या गोणीत बॉल ठेवा. साहित्य नाही म्हणून तास झाला नाही हे कारण मला पटत नाही. आश्रमशाळेत माझ्याकडं एक बॉल होता आणि तोही अर्धा वेळ पंक्चर.

आता पद्धती. तुम्हाला कॉलेजात मस्का मॉस्टन या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकाच्या पद्धती शिकवल्या असतील, 1966 साली त्यानं मांडल्या, पुढं सारा ॲशवर्थनं त्याच्याबरोबर त्यावर काम केलं, एकूण 11. परीक्षेला आपण त्यांची नावं आणि फायदे-तोटे पाठ करतो आणि मूळ गोष्ट सुटते. मूळ गोष्ट एवढीच की तासातले निर्णय कोण घेतो. कुठं उभं राहायचं, कधी सुरू करायचं, किती वेळा करायचं, बरोबर झालं का हे कोण ठरवणार. आदेश पद्धतीत सगळं शिक्षक ठरवतो, आणि जसजसं पुढं जावं तसा एकेक निर्णय मुलाकडं जातो. यातली एक चांगली आणि दुसरी वाईट असं मॉस्टनचंही म्हणणं नव्हतं, आज काय साधायचंय त्यावर पद्धत ठरते. त्यामुळं "कोणती पद्धत वापरू" याला एक उत्तर नाही, आज काय शिकवताय ते आधी सांगा असंच मी म्हणेन.

आदेश पद्धत टाकून द्या असं मी अजिबात सांगणार नाही. गोळाफेक घेताय? तिथं मुलांना कसलाच निर्णय नको. एका शिट्टीला सगळ्यांनी फेकायचं, दुसरी शिट्टी होईपर्यंत कोणी पाऊल पुढं टाकायचं नाही, मगच सगळ्यांनी मिळून आणायला जायचं. यात सूट म्हणजे कोणाच्या तरी डोक्याला गोळा. भाला, थाळी, सगळ्याला हेच. तसंच लेझीम. चार आवाज, दो रुख, आगे पाँव हे दीडशे मुलांकडून 26 जानेवारीला एका तालात करून घ्यायचं तर आदेशच लागतो आणि त्यात पोरांना आनंदही होतो, नाशिक ढोल सुरू झाला की मागच्या रांगेतलं लाजरं पोरसुद्धा सरळ होतं, एकत्र एका ठेक्यावर हलण्यात एक वेगळी मजा आहे ती त्यांच्यापासून हिरावू नका. चूक होते ती तीच पद्धत रोज आणि सगळ्याला वापरण्यात. खो-खो आदेशावर शिकवता येत नाही, कारण खो-खोत खो कधी द्यायचा हे मुलीलाच ठरवायचंय आणि तेही धावता धावता, तिथं तुमची शिट्टी काय कामाची.

यावरून खेळ शिकवण्याबद्दल सांगते, इथं मी सगळ्यात जास्त बदलले. आधी मी कबड्डी अशी शिकवायचे: पहिला तास पायाचा स्पर्श, दुसरा तास हाताचा स्पर्श, तिसरा तास घोट्याची पकड, सगळं रांगेत, आणि प्रत्यक्ष खेळ महिन्याच्या शेवटी. पोरं रोज विचारायची "मॅडम, कबड्डी कधी?" आणि महिन्याच्या शेवटी खेळ सुरू झाला की शिकवलेलं एकही कुणाला आठवायचं नाही, कारण ते कुठं वापरायचं हे कधी कळलेलंच नसायचं. इंग्लंडमध्ये लफबरोला डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प या दोघांनी हीच अडचण बघून 1982 मध्ये उलटा रस्ता मांडला, आधी खेळ छोटा करून खेळू द्या, खेळताना कुठं अडतंय ते पोरांना कळू द्या, आणि मग ते कौशल्य शिकवा. आपण याला समजून खेळणं म्हणू.

मी सध्या अशी घेते बघा. फक्की मारून आठ छोटी मैदानं आखायची, एक साधारण आठ पावलं लांब आणि पाच पावलं रुंद. एका मैदानावर आठ जण, तीन विरुद्ध तीन, एक पंच, एक गुण लिहिणारा, म्हणजे 64 मुलं एकाच वेळी कामाला. अंगाला पकडायचं नाही, प्रत्येकानं कमरेला मागं एक रुमाल खोचायचा, चढाईवाल्याचा रुमाल ओढला की पकड झाली. कडक जमिनीवर ढोपरं फुटत नाहीत, आणि मुली-मुलं एकत्र खेळायला कोणाला संकोच राहत नाही, हा तर मोठाच फायदा. चढाई नियमाप्रमाणं 30 सेकंदांची असते पण एवढ्याशा मैदानात 15 पुरे, पंचानं मोठ्यानं मोजायचं. पहिली चार मिनिटं मी काहीही शिकवत नाही. काहीही नाही. पोरं तिघं एका ओळीत उभी राहतात, चढाईवाला मधून येऊन शिवून जातो, परत तेच होतं. मग शिट्टी, सगळे आहेत तिथंच खाली बसा, आणि एकच प्रश्न: ज्या मैदानावर पकड झाली तिथं तिघं कुठं कुठं उभे होते? कोणीतरी सांगतं, मॅडम दोघं कोपऱ्यात होते आणि मधला मागं सरकला होता. बस. कोपरारक्षक काय करतो हे मी कधी फळ्यावर लिहून शिकवलं त्याच्या दसपट पटकन कळतं. परत चार मिनिटं खेळ. आता चढाईवाले अडकायला लागतात, तेच येऊन विचारतात की मॅडम, आता शिवायचं कसं, आणि तेव्हा, त्या क्षणी, पायाचा स्पर्श शिकवायचा. आता त्यांना तो हवा असतो.

दोन धोके आहेत. एक, प्रश्न विचारताना शिक्षकाला बोलायचा मोह होतो आणि तीस सेकंदांचं पाच मिनिटांचं भाषण होतं. मुलं बसली की शरीर थंड पडतं आणि मनही. एक प्रश्न, दोन उत्तरं, उठा. दुसरा धोका, पाचवी-सहावीला डावपेच विचारत बसू नका, त्यांना अजून धावताना थांबता येत नसतं. थांबणं, वळणं, उडी मारून मांजरासारखं आवाज न करता उतरणं, चवड्यावर धावणं, हे आधी. त्या वयाला शिवाशिवी, साखळी, विषामृत, लगोरी, लंगडी. आणि एक गोष्ट माझी स्वतःची आहे, त्या इंग्लिश मांडणीत खेळांचे चार गट करतात, दुसऱ्याच्या हद्दीत घुसायचे, जाळीवरचे, फटका-क्षेत्ररक्षणाचे आणि नेमाचे, आपला खो-खो आणि कबड्डी त्यात ओढूनताणून बसवावे लागतात. आपल्या खेळांचं मूळ शिवाशिवीत आहे. म्हणून मी खो-खोकडं जाताना शिवाशिवी, मग लंगडी, मग चार जण बसलेले, एक पाठलाग करणारा आणि दोन पळणारे असा छोटा खो-खो, आणि मग पुरा आठ बसलेल्यांचा, असा जिना ठेवते. लंगडीत एका पायावर पाठलाग करताना अंतर कमी असेल तेव्हाच झेप घ्यायची हे आपोआप कळतं, आणि तेच पुढं खांबाजवळ सूर मारताना उपयोगी पडतं.

आता तुमच्या कट्ट्यावर बसलेल्या मुलांचं. हे माझ्या मनाला लागलेलं आहे म्हणून जरा जास्त लिहिते.

मी उंच उडी घेताना दोरी आडवी सरळ बांधायचे. जो अडकला तो बाहेर, मग दोरी वर, परत जो अडकला तो बाहेर. शेवटी तीन पोरं उडी मारतात आणि साठ बघतात, आणि जे बाहेर बसलेत ना, ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच सगळ्यात कमी उड्या मारून बसतो. सहावीत एक मुलगा होता, अंगानं जाड, तो दर वेळी पहिल्याच उडीला बाहेर. दिवाळीनंतर तो दर गुरुवारी पोटदुखीची चिठ्ठी आणायला लागला. दोन महिने मी त्या चिठ्ठ्या खऱ्या समजून ठेवून दिल्या. एकदा त्याच्या वर्गशिक्षिका सहज म्हणाल्या की याला गुरुवारीच कसं दुखतं हो, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला, गुरुवारी माझा तास असायचा.

मॉस्टनच्या समावेशक पद्धतीचं उदाहरण तिरप्या दोरीचंच आहे आणि मी ते कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. दोरीचं एक टोक गुडघ्याएवढं, दुसरं छातीएवढं. सगळे एकाच वेळी, जिथून जमेल तिथून उडी मारा. कोणी बाहेर नाही. त्या मुलानं पहिल्या दिवशी खालच्या टोकाला मोजून अकरा उड्या मारल्या, आणि तासाच्या शेवटी दोन पावलं वरच्या बाजूला सरकला, मी काही न सांगता. चिठ्ठ्या बंद झाल्या.

आपल्याकडं पोरांनी हे केव्हाच शोधून ठेवलंय, कच्चं लिंबू. गल्लीत खेळताना धाकट्या भावाला घ्यायचं पण आऊट धरायचं नाही. पाच वर्षांच्या पोराला ते चालतं, तेरा वर्षांच्या मुलाला मात्र कच्चं लिंबू म्हणालात तर तो परत ग्राउंडवर येणार नाही. फरक असा की तिरप्या दोरीवर प्रत्येक जण पूर्ण खेळाडू असतो आणि आपली उंची स्वतः निवडतो. हीच दोरी सगळ्या खेळांत बांधता येते. नेम मारायचाय तर तीन रेषा आखा, तीन, पाच आणि सात पावलांवर, हवी ती निवडा. दंड काढायचेत तर भिंतीला हात लावून, बाकाला हात लावून किंवा जमिनीवर, तिघंही दंडच काढतायत. पायात अपंगत्व असलेली मुलगी वर्गात असेल तर चार गोष्टींपैकी एक बदलून बघा, जागा, काम, साहित्य किंवा बरोबरची माणसं, बहुतेक वेळा एकीनं भागतं. बाद होऊन बाहेर बसायचे खेळ मात्र कमी करा, डॉजबॉलमध्ये बाद झालेल्यानं बाहेर पाच उड्या मारून परत आत यायचं असा नियम केला की झालं.

मुलींचं वेगळं सांगते. आठवी-नववीत मुली बसायला लागतात ते आळसानं नाही हो सर. पाळी असते, कपडे अंगाला घट्ट असतात, मुलं कडेला उभी राहून बघतात आणि शेरे मारतात. तुम्ही पुरुष शिक्षक आहात तर कारण विचारूच नका. मी एक साधी सोय केली, आज जिला पळायचं नाही तिनं पंचाची शिट्टी किंवा गुणांचा कागद घ्यायचा, कुणालाही काही न सांगता, पण कट्ट्यावर नाही, मैदानाच्या रेषेवर उभं राहायचं. महिन्यातून एक-दोन तास असं होतं, बाकी ती खेळते. रोजच कागद घ्यायला लागली तर मात्र शाळेतल्या एखाद्या मॅडमना तिच्याशी बोलायला सांगा. स्कर्टाखाली ट्रॅकपँट घालायची परवानगी हेडसरांकडून घ्या, त्या एका परवानगीनं माझ्या शाळेत जेवढ्या मुली उठल्या तेवढ्या कुठल्या पद्धतीनं उठल्या नाहीत. आणि शेरे मारणाऱ्या मुलांना तिथंच थांबवायचं, त्या वेळी आदेश पद्धत.

जोडीची पद्धतही तुमच्या मोठ्या वर्गाला फार उपयोगी आहे, एक करतो, दुसरा बघतो आणि सांगतो. 64 मुलांना तुम्ही एकटे बघू शकत नाही पण 32 बघणारे तयार होतात. अट एक, बघणाऱ्याला काय बघायचं ते नेमकं द्या, दोनच गोष्टी, कार्डावर. खो देण्यासाठी माझं कार्ड असं: हात पाठीला लागला का, "खो" मोठ्यानं ऐकू आला का. आणि बसलेलीसाठी: खो मिळायच्या आधी उठली का. दोष काढायचे नाहीत, दिसलं ते सांगायचं. मी त्या वेळी करणाऱ्याला काही बोलत नाही, बघणाऱ्याशी बोलते, "तुला काय दिसलं?" सुरुवातीला मुलं एकमेकांना खोटं चांगलं सांगतात, दोस्ती असते, दोन-तीन तासांत ते जातं.

नववीला सत्रभर एकच खेळ घ्या. डॅरिल सीडेंटॉप नावाच्या अमेरिकन शिक्षकानं मांडलेली कल्पना आहे, वर्गाच्या टीम एकदाच पाडायच्या आणि दोन महिने त्याच ठेवायच्या, प्रत्येक टीममध्ये कॅप्टन, वॉर्मअप घेणारा, पंच, गुणलेखक, साहित्य सांभाळणारा, आणि शेवटी सामने. मी टीमना आपल्या इथल्या डोंगर-किल्ल्यांची नावं देते, रामशेज, ब्रह्मगिरी, हरिहर, साल्हेर. रामशेज मिळावं म्हणून भांडणं होतात कारण मुघलांना वर्षानुवर्षं वेढा घालूनही तो लढून घेता आला नाही हे सगळ्यांना माहीत असतं. टीम तुम्हीच पाडा, कागदावर, घरी बसून. कॅप्टनना वर्गासमोर एकेक निवडायला लावू नका, जो शेवटी उरतो त्याला ते जन्मभर आठवतं. आणि गुणलेखक असलेल्यानंही खेळायचंच, काम आहे म्हणून खेळ चुकवायचा नाही.

तुमची मुख्य भीती, सैल सोडलं की गोंधळ. एकदम सोडू नका. पहिला पंधरवडा 35 पैकी फक्त पाच मिनिटं मुलांकडं द्या, बाकी तुमच्या शिट्टीवर. त्याआधी तीन गोष्टी खेळासारख्या पक्क्या करा. एक, शिट्टी झाली की स्टॅच्यू, बॉल जमिनीवर. दोन, प्रत्येक जोडीची ठरलेली जागा, फक्कीनं आकडा टाकून, वर्गातून खाली आलं की थेट आपल्या आकड्यावर, रांगच नको. हजेरी पोरं वॉर्मअप करत असताना घ्या, रिकामा आकडा दिसला की गैरहजर. एवढ्यानंच चार-पाच मिनिटं वाचतात. तीन, सूचना तीस सेकंदांत संपवायची, आणि एका वेळी एकच खूण सांगायची. झेल शिकवताना "हात बॉलकडं न्या आणि छातीशी घेऊन या" एवढंच. पाच मिनिटं नीट गेली की दहा करा. माझ्या अनुभवात दिवाळीपर्यंत बहुतेक वर्ग निम्मा तास स्वतः चालवतात. एखादा वर्ग नाही चालवत, त्याला वेळ द्या.

आणि पळायला लावणं, उठाबशा, दंड, हे शिक्षा म्हणून कधीही नको. ज्या गोष्टीची आवड लावायचा आपल्याला पगार मिळतो तीच शिक्षा म्हणून द्यायची, हे मी पण केलंय आणि त्याचं मला वाईट वाटतं.

फिटनेस चाचणीचं विचारलं नाहीत पण येणारच आहे. खेलो इंडियाच्या चाचणीत चौथीपासून पुढं बीएमआय, 50 मीटर, 600 मीटर, बसून पुढं वाकणं, पोटासाठी झोपून अर्धं उठणं आणि दंड असं असतं. वजन कधीही मोठ्यानं वाचू नका. मी वजनकाटा खोलीत ठेवते, एकेक आत, आकडा मी लिहिते, मुलाला हवा असेल तरच सांगते. 600 मीटरला सगळ्यांना एकदम पळवलं की शेवटच्याची शोभा होते, जोड्या करा, एक पळतो दुसरा राऊंड मोजतो, ग्राउंडचा घेर 75 मीटर असेल तर आठ राऊंड, म्हणजे पळणारे सगळे मिसळून जातात आणि कोण शेवटचा ते कळतच नाही. चाचणीच्या आधी दोन-तीन तास वेग सांभाळणं शिकवा, पहिला राऊंड बोलता येईल इतका हळू, शेवटचे दोन जोरात. आणि जूनचा आकडा जानेवारीच्या आकड्याशी लावा, एका मुलाचा दुसऱ्याशी नाही.

पावसाळ्याचं एक. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये ग्राउंडवर पाणी असतं आणि मग तास गणिताला जातो. मी महिन्याचं नियोजन आधीच लिहून हेडसरांची सही घेऊन ठेवते, त्यात वर्गातले तास वेगळे असतात. बाकांमधल्या जागेत सूर्यनमस्कार, एका पायावर तोल, व्हरांड्यात जोडीनं झेल, फळ्यावर खो-खोचं मैदान काढून "इथं पळणारी आहे, तू खो कोणाला देशील" असा खेळ. सही असलेला कागद समोर ठेवला की गणिताच्या मॅडमसुद्धा समजून घेतात, भांडावं लागत नाही.

शेवटचं, हेडसर म्हणणार टीम काढा, मेडल आणा, आणि दहावीत पालक क्रीडा गुणांसाठी दारात येणार. टीमचा सराव शाळा सुटल्यावर घ्या, जीव ओतून घ्या, पण तासाला निवड चाचणी करू नका. आपल्या जिल्ह्याकडंच बघा. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला ब्राँझ घेऊन आली, ते आपण सगळ्या पोरांना सांगतो, सांगायलाच हवं. पण चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळचीही गोष्ट सांगा, दुष्काळी भागातला मुलगा, रोइंग त्याला भेटलं ते सैन्यात गेल्यावर, आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकेत तो 13 वा आला. तेराव्या वर्षी कुणी त्याला बघून हा वल्हवणार असं म्हणू शकलं असतं का? तुमच्या कट्ट्यावर जे बसलेत त्यांचा खेळ अजून त्यांना भेटलेला नसेल. तो भेटेपर्यंत त्यांना पळावंसं, फेकावंसं, ग्राउंडवर यावंसं वाटत राहिलं पाहिजे, आणि ते तुमच्या हातात आहे.

या सोमवारी एवढंच करा: तासाला एका मुलाला बाजूला बसवून, जो आजारी असेल त्याला, मागच्या रांगेतल्या एकाच पोराकडं बघायला सांगा, त्याचा हात बॉलला लागला की कागदावर एक रेघ. त्या पोराला सांगायचं नाही. आणि तुमच्या ग्राउंडची लांबी-रुंदी पावलांनी मोजा, झाडं, पाण्याची टाकी, सायकल स्टँड कुठं आहे ते कागदावर काढा. रेघांचा आकडा आणि मापं मला इथंच खाली कळवा, त्यात आठ मैदानं कशी बसवायची ते आखून सांगते.